डाव्या कानाची खाच

सरकारी पुतळा कारखान्यात गेली पन्नास वर्षं एकच माणूस तयार होत होता. थोरले. देश ज्यांनी उभा केला ते थोरले. त्यांचं पूर्ण नाव शाळेच्या पुस्तकात होतं, पण लोकांच्या तोंडी बसलेलं नाव हेच. छातीपर्यंतचे, प्लास्टरचे, पांढरेशुभ्र थोरले फळ्यांवर ओळीने वाळत असायचे आणि वाळले की पेंढ्यात गुंडाळून, खोक्यात बसून शाळांना, कचेऱ्यांना, टपालघरांना रवाना व्हायचे. देशात असा एकही साहेब नव्हता ज्याच्या पाठीमागे उभं राहून थोरले त्याचं काम बघत नव्हते. बघून त्यांना काय वाटत असेल, ते सोडा.

कारखान्याचे मिस्त्री अठ्ठावन्न वर्षांचे होते आणि दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते. त्यांच्या आधी त्यांचे वडीलच तिथे मिस्त्री होते. पहिला साचा वडिलांनी केलेला, म्हणून दारावर त्यांच्या नावाची पितळी पाटी होती. वडिलांचा हात मुलात जसाच्या तसा उतरला होता. स्वभाव मात्र कुठून आला होता कोण जाणे. बाप तोंडाचा फटकळ, आणि मुलगा असा की कोणी पायावर पाय दिला तरी आधी आपणच माफी मागणार. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून एक पुतळा तडकला नव्हता आणि एका साहेबाला उलट उत्तर गेलं नव्हतं. दोन्ही गोष्टींचा त्यांना सारखाच अभिमान होता.

या पुतळ्याच्या डाव्या कानाला, वरच्या कडेला, एक खाच होती. तांदळाच्या दाण्याएवढी. तिसरीच्या पुस्तकात तिच्यावर धडा होता. तरुणपणी मोर्चात शिपायाची काठी थोरल्यांच्या कानावर बसली, रक्ताची धार लागली, तरी ते जागचे हलले नाहीत, असा तो धडा. देशातल्या प्रत्येक माणसाने तो कधी ना कधी घडाघडा म्हणून दाखवला होता.

तो कान थोरल्यांचा नव्हता. हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, मिस्त्रींना आणि त्यांच्या काकूला.

कान होता काकांचा. मिस्त्रींच्या वडिलांच्या पाठचा हा भाऊ. थोरल्यांनी हाक दिली आणि हा पोरगा पहिल्याच मोर्चात पुढे जाऊन उभा राहिला. कान फाटला. काकूने त्यावर हळद दाबली, चार दिवस आरडाओरडा केला, आणि पाचव्या दिवशी तो दुसऱ्या मोर्चाला गेला तो परत आला नाही. प्रेतसुद्धा मिळालं नाही. लग्नाला आठ महिने झाले होते. काकू तेव्हा एकोणीस वर्षांची होती. फोटो म्हणाल तर एकही नव्हता. फोटो काढायचा तर मूल झाल्यावरच काढू, असं दोघांचं ठरलं होतं.

पुढे देश स्वतंत्र झाला आणि मिस्त्रींच्या वडिलांना थोरल्यांचा पुतळा करायचं काम मिळालं. थोरले बसले वीस मिनिटं. त्या दिवशी त्यांना सर्दीताप होता आणि डोक्यावर घट्ट कानटोपी होती. ती काढा म्हणायची कोणाची छाती? वडिलांनी नाक, कपाळ, हनुवटी नजरेत साठवली आणि घरी येऊन मातीत उतरवली. कान मात्र पाहिलेच नव्हते. कारागिराचा हात अशा वेळी ओळखीच्या वाटेनेच जातो. शिकाऊ असताना वडिलांनी ज्या एका डोक्यावर हात बसवला होता, ते धाकट्या भावाचं होतं. समोर फुकटात बसणारा दुसरा होता कोण? हाताने तोच कान केला. उजवा केला, डावा केला, आणि डाव्याला जाता जाता शेवटची खूणही दिली. साचा भरला, पहिला पुतळा निघाला, तेव्हा कुठे चूक ध्यानात आली. दुसऱ्याच दिवशी थोरले बघायला येणार होते.

थोरले आले. पुतळ्याभोवती फिरले. कानाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “हा माझा नाही.”

वडिलांनी सगळं सांगून टाकलं. आधीच फटकळ माणूस, त्यात भीतीने जीभ सुटलेली. भावाचं नाव सांगितलं, कुठला मोर्चा तेही सांगितलं. वर, “साहेब, आठवड्यात दुसरा करून देतो,” म्हणाले.

थोरल्यांनी त्या खाचेवरून पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाले, “राहू दे. माझ्या शब्दाखातर किती घरांतली पोरं गेली, मला मोजतासुद्धा येत नाहीत. त्यातल्या एकाचा कान तरी माझ्या डोक्याला असू दे.”

तीन वर्षांनी थोरले वारले. धडा त्यानंतर लिहिला गेला. लिहिणाऱ्या शहाण्याने पुतळ्याची खाच पाहिली आणि बाकीची गोष्ट स्वतःच्या डोक्यातून काढली.

काकूने दुसरं लग्न केलं नाही. मिस्त्रींची आई ते लहान असतानाच गेली, तेव्हा काकूनेच त्यांना वाढवलं आणि मुलींच्या शाळेत शिपायाची नोकरी धरली. शाळेच्या दारातच पुतळा होता. तीस वर्षं रोज सकाळी घंटेच्या आधी काकू ओल्या फडक्याने थोरल्यांना पुसायची. कपाळ, नाक, खांदे एका हाताने, आणि डावा कान दुसऱ्या, कोरड्या हाताने, बोटांनी. बाईंना वाटायचं, काय स्वच्छतेची आवड आहे! मग मुली यायच्या आणि पुतळ्यासमोर मान लववून आत जायच्या. काकू स्टुलावर बसून बघायची. त्या कोणासमोर मान लववताहेत हे तिला एकटीला माहीत होतं.

एकदा मिस्त्री म्हणाले होते, “काकू, एखादा जास्तीचा पुतळा घरी आणू का?”

“घरात कशाला?” काकू म्हणाली होती. “घरात सगळ्यांचीच मेलेली माणसं असतात. त्यांना शाळेतच राहू दे.”

आता काकू पंचाहत्तरीला टेकली होती. डोळे जाऊन सात वर्षं झाली होती. दिवसभर रेडिओ कानाशी. त्या रेडिओवरच ती बातमी आली.

परदेशातल्या कोणा म्हाताऱ्याच्या ट्रंकेत थोरल्यांचा एक जुना फोटो सापडला होता. डाव्या बाजूने काढलेला, उघड्या डोक्याचा, मोर्चांनंतर पाच वर्षांनी. कान अख्खा. झालं! ज्यांना इतकी वर्षं थोरल्यांचा जाच वाटत होता त्यांना आयतं कोलीत मिळालं. ज्याने काठी खाल्लीच नाही, तो जखम मिरवत होता. पुतळ्यावर खोटी खाच कोरून घेणारा माणूस आणखी काय काय खोटं करून गेला असेल? कालपर्यंत त्यांच्या नावाने शपथ घेणारी माणसं चहाच्या टपरीवर डोळे मिचकावू लागली. शाळेतली पोरं तर काय, एकमेकांच्या कानाला खडूने खाच काढून पळायची. सरकारने चौकशी समिती नेमली.

काकूने रेडिओ बंद केला. “छोट्या, इकडे ये.”

अठ्ठावन्न वर्षांचा छोट्या येऊन बसला.

“आता सांगायची वेळ आली. भावोजींनी थोरल्यांना तोंडावर सांगितलं होतं. तू समितीला सांग.”

“काकू, आपल्याकडे पुरावा काय आहे?”

“पुरावा बघायचा ते बघतील. तू सांग तर खरं. मी गेले तर म्हणतील आंधळी म्हातारी बरळतेय. तू मिस्त्री आहेस, साचा तुझ्या ताब्यात आहे, तुझं ऐकतील.” तिने चाचपडत त्यांचं मनगट धरलं. “त्या माणसाने माझ्या माणसाला आपल्या डोक्यावर जागा दिली रे. आणि आज त्याला चोर म्हणताहेत. माझ्यामुळे म्हणताहेत.”

“सांगतो, काकू,” मिस्त्री म्हणाले. आणि खरंच त्यांच्या मनात सांगायचं होतं.

आठवडाभर त्यांनी वाक्यं जुळवली. प्लास्टर कालवताना, साच्याला साबणाचं पाणी लावताना ते ओठांतल्या ओठांत बोलत राहायचे. बोलावणं आलं त्या दिवशी धुतलेला सदरा घालून, दहा मिनिटं आधी जाऊन बसले.

समितीच्या सचिवबाई चांगल्या निघाल्या, तिथेच घात झाला. त्या तोडून बोलल्या असत्या तर कदाचित मिस्त्रींना त्वेष आला असता. बाईंनी खुर्ची दिली, चहा मागवला, निवृत्तीला किती दिवस राहिले विचारलं. मग म्हणाल्या, “ही खाच कशी आली, याबद्दल तुमच्या वडिलांनी कधी काही सांगितलं होतं का? म्हणजे बघा, कारागिराची चूक असेल तर तसंही लिहिता येईल. दारावर त्यांच्याच नावाची पाटी आहे ना?”

बाईंनी अगदी साधेपणाने विचारलं होतं. पण मिस्त्रींना ती पाटी डोळ्यांसमोर दिसली, खिळ्यांसकट निघालेली. मग आपण दिसलो, चार साहेबांपुढे उभे राहून बापाच्या चुकीची, कोणालाच न पटणारी कैफियत देणारे. वर्तमानपत्रात नाव. कारखान्यात कुजबुज. दोनच महिने राहिलेत, दोनच. घशाशी आलेलं पहिलं वाक्य त्यांनी चहाच्या घोटाबरोबर गिळलं.

“मला काही माहिती नाही, बाई,” ते म्हणाले.

कोपऱ्यातल्या कारकुनाने ते टाइप केलं. एवढंसं वाक्य, त्याला वेळ तो किती लागणार!

घरी आले तेव्हा काकू दारातच उभी होती. भिंतीला हात लावून उभी होती म्हणजे बराच वेळ उभी असणार.

“सांगितलंस?”

“सांगितलं.”

“काय म्हणाले?”

“ऐकून घेतलं.” मिस्त्रींनी चपला काढायला बराच वेळ लावला. “लिहून घेतलं सगळं.”

काकूने त्यांच्या तोंडावरून हात फिरवला, लहानपणी परीक्षेहून आल्यावर फिरवायची तसा. त्या रात्री ती पोटभर जेवली.

महिन्याभराने हुकूम आला. पुतळे हटवायचे नाहीत. इतके पुतळे हटवून ठेवणार कुठे? साचा तेवढा दुरुस्त करायचा. आणि जुन्या पुतळ्यांसाठी एक परिपत्रक निघालं, की प्रत्येक शाळेने व कार्यालयाने आपापल्या पुतळ्याचा डावा कान आठ दिवसांत बुजवून घ्यावा व तसा अहवाल पाठवावा. ज्याने कोणी हे लिहिलं त्याला लिहिताना हसू आलं नसेल काय?

साच्यात सगळं उलटं असतं. नाकाच्या जागी खड्डा असतो आणि खाचेच्या जागी उंचवटा. मिस्त्रींनी डाव्या बाजूचा तुकडा उजेडाला धरला. तो उंचवटा पन्नास वर्षांत झिजला नव्हता, कारण त्याच्यावर ब्रश फिरवताना दोन पिढ्यांनी हात हलका ठेवला होता. कामगारांना त्यांनी जेवायला पाठवलं. आधी कानाच्या जागेत थोडं प्लास्टर ओतून एक सुटा कान काढून घेतला. मग खरवडणी घेतली. चार हात मारले. पांढरी चिमूटभर भुकटी निघाली. पॉलिश पेपर फिरवून त्यांनी बोटाने पाहिलं. कुठे काही लागत नव्हतं. काम इतकं सफाईदार झालं होतं की बघणाऱ्याला तिथे कधी काही होतं असं वाटलं नसतं. काकांचं जगासमोर जे काही उरलं होतं, ते मिस्त्रींनी फडक्याने पुसून टाकलं आणि तिथेच, पोत्यावर बसून, म्हाताऱ्या बाईसारखे हुंदके देऊन रडले. मग कामगार येतील म्हणून तोंड धुतलं.

संध्याकाळी त्यांनी तो कान काकूच्या हातात ठेवला. काकूने बोटं फिरवली, कडेने वर गेली, खाचेपाशी थांबली.

“रेडिओवर सांगितलं,” ती म्हणाली. “कान बुजवणार म्हणून. तू सगळं सांगितल्यावरही?”

मिस्त्रींनी उत्तर तयार ठेवलं होतं. एक थाप मारली की तिला सांभाळायला दुसरी लागते, आणि एव्हाना त्यांचा त्यातही हात बसला होता. “ते म्हणाले, पुतळा थोरल्यांचा, तर कान थोरल्यांचाच हवा. काकांचं नाव अहवालात वेगळं लिहिणार आहेत.”

काकू विचारात पडली. कान तिच्या तळहातावर होता.

“एवढासा कान घेऊन मी काय करू, छोट्या? तिथे होता तेव्हा हजारो पोरं मान लववत होती. आता माझ्या पेटीत पडणार.” मग ती हळूच म्हणाली, “पण नाव लिहिणार म्हणतोस. पन्नास वर्षांत कोणी नाव घेतलं नाही त्यांचं. मीसुद्धा नाही, नवऱ्याचं नाव कुठे घेतात? बरं. कान जाऊ दे. नाव राहू दे.”

त्या दिवसापासून तिने अहवालाचा ध्यास घेतला. शेजारणीला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. आला का? छापून झाला का? मिस्त्री आज नाही उद्या करत राहिले. मनात एक नीच आशाही होती, आणि ती काय होती हे त्यांनी स्वतःशीसुद्धा बोलून दाखवलं नाही. काकू मात्र ठणठणीत होती. नावासाठी थांबलेलं माणूस असं मरत नाही.

शेवटी एका रविवारी सकाळी रेडिओनेच सांगितलं की अहवाल विक्रीला आला आहे, आणि मिस्त्रींना तो आणावा लागला. निळ्या पुठ्ठ्याचं जाडजूड पुस्तक. काकूने ते मांडीवर घेतलं, हात फिरवला, वास घेतला. अंगावरची साडी तिने बदललेली होती.

“वाच,” म्हणाली. “त्यांचं आहे तेवढंच वाच.”

मिस्त्रींनी पानं उलटली. पान एकशे बारा. खाचेबद्दलचं सगळं तिथेच होतं. त्यांनी चष्मा नीट केला, आणि त्या पानावर नजर ठेवून, तिथे नसलेलं वाचायला लागले. काकांचं पूर्ण नाव घेतलं. “हे कारखान्याच्या पहिल्या मिस्त्रींचे धाकटे बंधू. मोर्चात त्यांच्या कानाला जखम झाली व पुढे त्यांनी देशासाठी प्राण दिले. पुतळ्यावरची खूण त्यांची आहे. समिती त्यांना आदराने वंदन करते.”

काकू ऐकत होती. तिचे ओठ हलत होते. न दिसणाऱ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलं नाही. मिस्त्रींना वाटलं, या एका क्षणासाठी केलं ते बरंच केलं. पापाचं असो, पुण्याचं असो, म्हातारी सुखाने मरेल.

“पुन्हा वाच,” काकू म्हणाली.

मिस्त्रींनी पुन्हा नाव घेतलं. “पहिल्या मिस्त्रींचे हे धाकटे भाऊ. देशासाठी लढताना त्यांच्या कानावर काठी बसली. पुढे ते हुतात्मा झाले. पुतळ्याच्या कानावरची खूण त्यांचीच असून देश त्यांचा ऋणी राहील.”

काकूचे ओठ हलायचे थांबले होते.

“छोट्या,” ती म्हणाली, “मी तीस वर्षं वर्गाबाहेर स्टुलावर बसून धडे ऐकलेत. मला वाचता येत नाही. पण छापलेलं पुन्हा वाचलं की तेच येतं, एवढं कळतं मला.”

मिस्त्रींनी चष्मा काढून हातात धरला.

काकू रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पदराने डोळे कोरडे केले. मग म्हणाली, “भावोजींचा हात चुकला होता, पण तोंडाने खरं बोलले. तुझा हात कधी चुकला नाही रे.” आणि थोड्या वेळाने, “त्या पानावर काय लिहिलंय ते वाच.”

“काकू, जाऊ दे ना.”

“वाच.”

मिस्त्रींनी चष्मा पुन्हा चढवला आणि वाचलं. “सदर खाचेच्या उगमाविषयी कारखान्याच्या विद्यमान मिस्त्रींना विचारले असता, आपणास काही माहिती नसल्याचे त्यांनी सांगितले. सबब, ती खाच थोरल्यांनी स्वतःच्या प्रतिमेसाठी कोरून घेतली, असा निष्कर्ष निघतो.”

“पुन्हा वाच.”

“सदर खाचेच्या उगमाविषयी कारखान्याच्या विद्यमान मिस्त्रींना विचारले असता, आपणास काही माहिती नसल्याचे त्यांनी सांगितले. सबब, ती खाच थोरल्यांनी स्वतःच्या प्रतिमेसाठी कोरून घेतली, असा निष्कर्ष निघतो.”

“हं,” काकू म्हणाली. “हे छापलेलं आहे.”